मेक नसताना मेक: सोर्समधून बिल्ड करायला शिकताना

लॅबच्या पीसीवर सुडोचा, म्हणजे मशीनचे पूर्ण (रूट) अधिकार देणाऱ्या कमांडचा, पासवर्ड मिळत नाही, आणि मिळूही नये. दिवसभर बॅचमागून बॅच त्याच खुर्च्यांवर बसून जाते. ज्याच्या त्याच्या हाती रूट दिलं तर आठवड्यात एक मशीन धड सुरू व्हायचं नाही. मेक हे सोर्सपासून, म्हणजे लिहिलेल्या कोडच्या फाइलींपासून, चालणारा प्रोग्रॅम बिल्ड (तयार) करणारं टूल; काय कसं करायचं ते मेकफाइलमध्ये लिहिलेलं असतं. पण प्रोजेक्टची मेकफाइल नवं मेक मागते, लॅबमधलं जुनं असतं किंवा मुळात नसतंच, आणि सबमिशन तर सोमवारी. सांगली-मिरजेच्या कॉलेजांतली मुलं अशा वेळी विचारतात, तेव्हा माझं उत्तर ठरलेलं असतं: मेकचाच सोर्स उतरवून घ्या आणि स्वतःच्या होम फोल्डरमध्ये बिल्ड करा. रूट लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही.

सराव म्हणूनही ग्नू मेक हे चांगलं पहिलं गिऱ्हाईक आहे. सोर्सची फाइल दोन-अडीच एमबीची, सगळं सी भाषेत, बाहेरच्या लायब्ऱ्यांची कटकट जवळपास नाही. वर एक गंमत आहे. बाकी निम्मं जग मेकने बिल्ड होतं, मग मेक कशाने बिल्ड करायचं? याची सोय लिहिणाऱ्यांनी करून ठेवली आहे, ती पुढे येईलच.

मूळ मेक १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलं. आपण लिनक्सवर वापरतो ते ग्नू मेक रिचर्ड स्टॉलमन आणि रोलंड मॅक्ग्रा यांचं. पुढे पॉल स्मिथ यांनी ते वर्षानुवर्षं सांभाळलं. या लेखात ४.४.१ ही फेब्रुवारी २०२३ ची आवृत्ती धरली आहे. मॅकबुक वापरणाऱ्यांनी एकदा ‘मेक --व्हर्जन’ चालवून पाहावं. ॲपलसोबत येतं ते ३.८१, म्हणजे २००६ सालचं.

लिखावटीबद्दल आधीच सांगतो. खाली कमांड देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलवर त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या. अक्षरं सगळी लहान. होम आणि सीफ्लॅग्ज हे दोन शब्द मात्र पूर्ण मोठ्या लिपीत. बिंदू, तिरपी रेघ, डॅश आणि डॉलर जिथे आहेत तिथे जसेच्या तसे.

कम्पायलर आहे का ते बघा

जीसीसी --व्हर्जन

आकडे आले तर पुढे चला. सी चं प्रॅक्टिकल जिथे होतं त्या लॅबमध्ये तो असतोच. स्वतःच्या लॅपटॉपवर उबंटू असेल आणि कम्पायलर नसेल, तर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल’ एवढं पुरतं. त्यात मेकसुद्धा येतं, त्यामुळे हा लेख मग तुमच्यासाठी निव्वळ सराव ठरतो. विंडोजवाल्यांनी ‘डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल’ करून उबंटू घ्यावं आणि पुढचं सगळं काम लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये करावं. सी ड्राइव्हवरच्या फोल्डरमध्ये केलं तर होईल, पण रखडत होईल.

सोर्स उतरवून उघडणे

एफटीपी डॉट जीएनयू डॉट ओआरजी या ठिकाणी जीएनयू नावाच्या फोल्डरमध्ये मेक हा फोल्डर आहे. तिथून ‘मेक-४.४.१.टार.जीझेड’ घ्या. शेजारी त्याच नावाची ‘.सिग’ फाइल असते, ती सही आहे. जीपीजी (सही पडताळणारं टूल) वापरता येत असेल तर ‘--व्हेरिफाय’ करून पडताळा. येत नसेल तर निदान कुठल्या तरी अनोळखी साइटवरून फाइल घेऊ नका.

टार -एक्सझेडएफ मेक-४.४.१.टार.जीझेड
सीडी मेक-४.४.१

फोल्डरच्या पूर्ण पत्त्यात कुठेही रिकामी जागा नको. डेस्कटॉपवरच्या ‘न्यू फोल्डर (२)’ मध्ये सोर्स उघडून बसणारे दर वर्षी भेटतात. कधी ते लगेच अडतं, कधी अर्ध्या वाटेवर अडतं, आणि दुसरा प्रकार जास्त छळतो.

कॉन्फिगर: इथे थांबायचं

कम्पाइल होणं हा यातला सोपा भाग. निर्णय सगळे त्याआधी, कॉन्फिगर या पायरीवर होतात, आणि नवखी मुलं नेमकी तीच पायरी डोळे मिटून ओलांडतात. म्हणून इथे जरा वेळ काढतो.

सोर्सच्या फोल्डरमध्ये ‘कॉन्फिगर’ नावाची एक भली मोठी शेल स्क्रिप्ट असते, म्हणजे टर्मिनलच्या कमांड ओळीने लिहिलेली फाइल. ती कुणी हाताने लिहिलेली नाही. ऑटोकॉन्फ नावाच्या टूलने तयार केलेली आहे. डेव्हिड मॅकेंझी यांनी १९९१ मध्ये ते टूल लिहायला घेतलं, कारण तेव्हा प्रत्येक कंपनीचं युनिक्स वेगळं होतं आणि एकच सोर्स सगळीकडे चालवायचा म्हणजे डोक्याला ताप होता.

ही स्क्रिप्ट तुमच्या मशीनबद्दल काही गृहीत धरत नाही. ‘कॉन्फटेस्ट’ नावाचा चार-दहा ओळींचा सी प्रोग्रॅम ती स्वतः लिहिते, कम्पाइल करून बघते, झाला तर ‘यस’, नाही तर ‘नो’, आणि पुसून पुढचा लिहिते. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला आलेला खरेदीदार पोत्यावरचं लेबल वाचत बसत नाही, हळकुंड मोडून आतला रंग बघतो. तसलाच हा कारभार. शेकडो प्रश्न विचारून झाले की उत्तरांवरून ती तुमच्या मशीनपुरती मेकफाइल तयार करते, आणि सोबत ‘कॉन्फिग.एच’ नावाची हेडर फाइल.

आधी पर्याय वाचा:

./कॉन्फिगर --हेल्प | लेस

पुढचा बिंदू आणि तिरपी रेघ विसरू नका. ‘याच फोल्डरमधली स्क्रिप्ट’ असा त्याचा अर्थ. तो नसेल तर शेल (तुमच्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) ती पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, शोधतं आणि ‘कमांड नॉट फाउंड’ म्हणून मोकळं होतं. यादी लांबलचक आहे, पण नवख्याला लागतात ते चार-पाचच. मी मुलांना देतो ती ओळ अशी:

./कॉन्फिगर --प्रीफिक्स=$होम/.लोकल --विदाउट-गाइल

प्रीफिक्स म्हणजे इन्स्टॉल कुठे करायचं ते. काही सांगितलं नाही तर ‘/यूएसआर/लोकल’ धरलं जातं, आणि तिथे लिहायला रूट लागतं. म्हणजे अर्धा तास सगळं सुरळीत होऊन शेवटच्या पायरीला ‘परमिशन डिनाइड’. होममधला ‘.लोकल’ फोल्डर निवडण्याचं कारण असं की उबंटूत लॉग-इन होताना ‘.लोकल/बिन’ फोल्डर अस्तित्वात असेल तर तो आपोआप पाथमध्ये जातो. $होम च्या जागी टिल्डचं चिन्ह (~) टाकू नका. बरोबरच्या चिन्हानंतर (=) शेल तिथे ते उलगडत नाही, आणि कॉन्फिगर ‘एक्स्पेक्टेड ॲन ॲब्सोल्यूट डिरेक्टरी नेम’ म्हणून थांबतं.

गाइल ही मेकच्या आत चालू शकणारी एक स्क्रिप्टिंग भाषा. ४.० पासून, म्हणजे २०१३ पासून ही सोय आहे. कॉन्फिगरला मशीनवर गाइलची लायब्ररी सापडली तर ते न विचारता जोडून घेतं. तुम्हाला ती लागणार नाही, आणि तीच बायनरी (तयार झालेला प्रोग्रॅम) तुम्ही गाइल नसलेल्या शेजारच्या मशीनवर कॉपी केली तर सुरूच होणार नाही. म्हणून नकोच.

याशिवाय ‘--डिसेबल-एनएलएस’ दिलं तर मेकचे मेसेज फक्त इंग्रजीत राहतात. आपल्याकडे तसेही ते इंग्रजीतच वाचले जातात, त्यामुळे द्या किंवा देऊ नका. आणि लॅबमधलं मूळ मेक झाकून टाकायचं नसेल तर ‘--प्रोग्रॅम-प्रीफिक्स=जी’ द्या; इन्स्टॉल होताना त्याचं नाव ‘जीमेक’ होईल. मॅकवर होमब्रू (सॉफ्टवेअर बसवून देणारं टूल) हेच करतं. माझ्या मते नवख्याने हेच करावं, कारण मग कुठलं मेक चाललंय याचा गोंधळच होत नाही.

कम्पायलरचे पर्याय सीफ्लॅग्जमधून जातात. जीसीसी असेल आणि तुम्ही काही सांगितलं नाही तर कॉन्फिगर ‘-जी -ओ२’ धरतं (हा ओ मोठा), ते ठीक आहे. मेकच्या आत डीबगर घेऊन शिरायचं असेल तर ओळीच्या शेवटी सीफ्लॅग्ज='-जी -ओ०' जोडा. ते कॉन्फिगरच्या नावानंतरच लिहा. मग त्याची नोंद राहते आणि पुन्हा तपासणी करावी लागली तर तीच निवड परत वापरली जाते.

स्पेलिंग दोनदा बघा, कारण इथे एक पक्की फसगत आहे. प्रीफिक्सचं स्पेलिंग चुकलं तर कॉन्फिगर जागीच थांबतं, बरं होतं. पण ‘--विदाउट-’ किंवा ‘--डिसेबल-’ यांच्या पुढचा शब्द चुकला, समजा गाइलमधले यू आणि आय उलटे पडले, तर ते फक्त ‘वॉर्निंग: अनरेकग्नाइज्ड ऑप्शन्स’ एवढं म्हणतं आणि पुढे चालायला लागतं. ती ओळ ‘चेकिंग’च्या पुरात सहज नजरेतून सुटते. तुम्हाला वाटतं गाइल काढलं, आणि ते आत बसलेलं असतं.

स्क्रीनवर भराभर ओळी सरकायला लागल्या की पहिल्यांदा बघणारा घाबरतोच. तासगावकडच्या एका पोराने मागच्या बाकावरून हाक मारली होती, ‘सर, लई ठिकाणी नो नो येतंय, बंद करू काय?’ बंद करायचं नाही. ‘नो’ म्हणजे बिघाड नव्हे. अमुक फंक्शन तुमच्या सिस्टिमवर आहे का, या प्रश्नाचं ते साधं उत्तर आहे. नसेल तर मेक स्वतःकडचं पर्यायी फंक्शन वापरतं. काळजी करायची ती ‘कॉन्फिगर: एरर’ने सुरू होणारी ओळ दिसून प्रॉम्प्ट परत आला तरच.

थांबलं तर लॉग वाचायचा

‘नो ॲक्सेप्टेबल सी कम्पायलर फाउंड’ किंवा ‘सी कम्पायलर कॅनॉट क्रिएट एक्झिक्युटेबल्स’ असं काही म्हणून कॉन्फिगर थांबतं आणि वर सांगतं, ‘कॉन्फिग.लॉग’ बघा. मुलं ती फाइल उघडतात, सरळ तळाला जातात आणि गडबडतात. तळाशी एरर नसतेच. तिथे सगळ्या व्हेरिएबलची यादी असते, अनेक पानं. एरर त्याच्या वर असते.

लेस कॉन्फिग.लॉग

मोठं जी दाबून शेवटाला जा, मग प्रश्नचिन्ह दाबून ‘कॅश व्हेरिएबल्स’ हे शब्द उलट दिशेने शोधा. लहान-मोठी अक्षरं जुळली पाहिजेत: सी मोठा, बाकी लहान. त्या मथळ्याच्या लगेच वर जे आहे ते तुमचं दुखणं. तिथे आधी जीसीसीची नेमकी कमांड दिसते, मग कम्पायलरने काय म्हटलं ते, मग ‘फेल्ड प्रोग्रॅम वॉज’ आणि खाली उभ्या रेघा लावून तो अख्खा कॉन्फटेस्ट प्रोग्रॅम छापलेला असतो. हवं तर तोच प्रोग्रॅम उचलून हाताने कम्पाइल करून बघता येतो. बहुतेक वेळा कारण क्षुल्लक निघतं: सीफ्लॅग्जमध्ये चुकीचं अक्षर, डिस्कचा कोटा भरलेला, असलं काहीतरी.

फाइलच्या मधल्या भागातही ‘एरर’ शब्द ठिकठिकाणी सापडेल. त्याच्या मागे लागू नका. ज्या ज्या प्रश्नाचं उत्तर ‘नो’ आलं तिथे तो असणारच. वरच्या काही ओळींत मात्र एक कामाची गोष्ट आहे: तुम्ही कॉन्फिगर कुठल्या पर्यायांनी चालवलं होतं ती पूर्ण ओळ तिथे लिहिलेली असते. सहा महिन्यांनी ‘आपण काय दिलं होतं बरं?’ असा प्रश्न पडला की हीच जागा.

जुन्या पीसीवर आणखी एक एरर हमखास भेटते. ‘न्यूली क्रिएटेड फाइल इज ओल्डर दॅन डिस्ट्रिब्यूटेड फाइल्स’, आणि पुढे घड्याळ तपासा म्हणून सल्ला. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की पीसी चालू झाल्यावर स्वतःला भलत्याच जुन्या सालात समजतो. आज तयार केलेली फाइल मग सोर्सपेक्षा जुनी ठरते. कॉन्फिगरने ते पकडलं हे उपकारच, कारण मेकचा सगळा हिशोब फाइलींच्या वेळांवर चालतो. घड्याळ खोटं तर पुढचं सगळंच खोटं. लॅब असिस्टंटना सांगून तारीख दुरुस्त करून घ्या, सेल बदलून घ्या.

बिल्ड

मशीनवर जुनं का होईना मेक असेल तर:

मेक -जे४

चारच्या जागी तुमच्या प्रोसेसरचे कोअर. ‘एनप्रॉक’ ही कमांड आकडा सांगते. आकडा न देता नुसतं ‘-जे’ लिहू नका. त्याचा अर्थ ‘मर्यादा नाही’ असा होतो. मेकच्या सोर्सला ते पचेल, पण हीच सवय घेऊन एखादा मोठा प्रोजेक्ट बिल्ड करायला बसलात तर पीसीचा माउससुद्धा हलायचा नाही.

मेक अजिबातच नसेल तर सुरुवातीला म्हटली ती सोय:

एसएच बिल्ड.एसएच

ही एक साधी शेल स्क्रिप्ट. कॉन्फिगरने काढलेली उत्तरं घेते, एकेक सी फाइल कम्पाइल करते, शेवटी जोडते आणि त्याच फोल्डरमध्ये ‘मेक’ नावाची बायनरी ठेवते. कॉन्फिगरच्या आधी ती चालत नाही, क्रम लक्षात ठेवा. आणि तिला स्मरण नाही: मध्येच थांबवली तर पुढच्या वेळी पहिल्या फाइलपासून सुरू. मेक मात्र जेवढं झालं तेवढं सोडून पुढचं उचलतं. एकच काम दोघांकडून करून बघा, मेक कशासाठी जन्माला आलं ते व्याख्यानाशिवाय कळेल.

इथे सांगलीच्या हवेतला एक धोका. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला की लाइट जाते, आणि यूपीएस नसेल तर कम्पाइल चालू असताना पीसी बंद. कंट्रोल-सी दाबून थांबवलं तर मेक अर्धवट फाइल स्वतः पुसतं. वीज गेल्यावर ती संधी त्याला मिळत नाही. अर्धीमुर्धी ‘.ओ’ फाइल (एका सी फाइलचं कम्पाइल झालेलं रूप) डिस्कवर राहते, तिची वेळ सोर्सपेक्षा नवी, म्हणून पुढच्या वेळी मेक ती झालेली समजतं आणि शेवटी हे तुकडे जोडणारा लिंकर भलतंच काहीतरी बरळतो. अशा वेळी विचार करत बसू नका. ‘मेक क्लीन’ करून पुन्हा चालवा. मिनिट-दोन मिनिटांचं तर काम आहे.

झालं की तपासा:

./मेक --व्हर्जन
./मेक चेक

दुसऱ्या कमांडने मेकसोबत आलेल्या चाचण्या चालतात. त्यांना पर्ल लागतं. लिनक्सवर ते बहुधा असतंच. घाई असेल तर चेक सोडलं तरी चालेल, पण सीफ्लॅग्ज बदलले असतील तर सोडू नका.

इन्स्टॉलच्या आधी कोरडी फेरी

./मेक -एन इन्स्टॉल

‘-एन’ दिलं की मेक काय काय करणार ते फक्त छापतं, करत काही नाही. त्या गर्दीत पत्ते बघा. सगळीकडे तुमचंच होम दिसलं पाहिजे. कुठेही ‘/यूएसआर/लोकल’ दिसलं तर प्रीफिक्स चुकलंय. मागे जाऊन कॉन्फिगर पुन्हा चालवा. बरोबर असेल तर ‘-एन’ काढून तीच ओळ. बायनरी बिनमध्ये, मॅन्युअलचं पान शेअरमध्ये, ‘ग्नूमेक.एच’ हेडर इन्क्लूडमध्ये, असं सगळं आपापल्या जागी जातं.

यानंतर हमखास येणारी तक्रार: ‘इन्स्टॉल झालं, पण व्हर्जन जुनंच दाखवतंय.’ ‘--प्रोग्रॅम-प्रीफिक्स’ दिलं नसेल तर मशीनवर आता ‘मेक’ नावाच्या दोन बायनरी आहेत. कोण कुठे आहे ते विचारा:

टाइप -ए मेक

यादीत तुमचं वर आलं पाहिजे. खाली असेल किंवा नसेलच, तर पाथमध्ये ‘.लोकल/बिन’ अजून आलेलं नाही; एकदा लॉग-आउट होऊन परत या. वर असूनही जुनंच चालत असेल तर बॅशने (म्हणजे तुमच्या शेलने) जुना पत्ता लक्षात ठेवलेला असतो. एकदा चालवलेल्या कमांडचा पत्ता बॅश पुन्हा शोधत नाही. ‘हॅश -आर’ दिलं की ते विसरतं.

नव्या मेकला लगेच एक छोटं काम द्या. ‘पट्टी.सी’ नावाची फाइल करा. पोत्यांचं वजन आणि दर घेऊन हळदीची पट्टी काढणारे दहा ओळींचे हिशोब तिच्यात पुरेत. शेजारी मेकफाइल:

पट्टी: पट्टी.सी
(टॅब) जीसीसी -ओ पट्टी पट्टी.सी

कंसातला टॅब म्हणजे खरोखर टॅबची कळ, आठ स्पेस नव्हेत. स्पेस दिल्या तर ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून मेक अडतं. काही एडिटर टॅब दाबला तरी गुपचूप स्पेस घालतात. तो पर्याय मेकफाइलपुरता बंद करा. एकदा ‘मेक’ (‘--प्रोग्रॅम-प्रीफिक्स=जी’ दिलं असेल तर ‘जीमेक’) चालवा, मग लगेच दुसऱ्यांदा. दुसऱ्या वेळी ‘अप टू डेट’ आलं की सगळं जागेवर आहे.

सोर्सचा फोल्डर लगेच उडवू नका. पुढे हे मेक काढायचं झालं तर ‘मेक अनइन्स्टॉल’ त्याच फोल्डरमधून, त्याच प्रीफिक्सने कॉन्फिगर केलेल्या अवस्थेत चालवावं लागतं. वेगळे पर्याय देऊन आणखी एक बिल्ड हवं असेल तर त्याच फोल्डरवर थापू नका. त्यात ‘मेक डिस्टक्लीन’ करून तो कोरा करा, बाहेर दोन नवे फोल्डर काढा, आणि प्रत्येकात शिरून मूळ फोल्डरमधली कॉन्फिगर स्क्रिप्ट तिच्या पत्त्याने चालवा. मूळ सोर्स कोरा राहतो आणि प्रत्येक फोल्डरमध्ये त्याचा त्याचा कॉन्फिग.लॉग. डिस्टक्लीन करायचं राहिलं तर कॉन्फिगर ‘सोर्स डिरेक्टरी ऑलरेडी कॉन्फिगर्ड’ म्हणून आत घेत नाही. कोटा फारच कमी असेल तर ‘मेक क्लीन’ करा, ‘.ओ’ फाइली जातात, कॉन्फिगरची उत्तरं राहतात.